बालवाडी आणि पालकशाळा एकत्र चालवायची, तर कारभार कसा आखावा आणि पैसा कुठून आणावा?

अंगणवेल

बालवाडी काढणाऱ्या संस्थांचं एक ठरलेलं दुखणं आहे. मुलांचं काम पहिल्या दिवसापासून बरं चालतं. पालकांचं काम, म्हणजे मेळावे, गृहभेटी, खेळण्यांची पिशवी घरी पाठवणं, साधारण तिसऱ्या वर्षी गळतं. गृहभेटीला जाणाऱ्या ताई सोडून जातात, मेळाव्यात फक्त फीच्या सूचना उरतात. कारण जमाखर्चाच्या पत्रकात सापडतं: पालकशाळेला तिथे स्वतःची ओळच नसते. रिक्षाभाडं ‘किरकोळ’मध्ये, चहा ‘आदरातिथ्य’मध्ये, आणि ताईंचं मानधन ज्या वर्षी देणगी आली त्या वर्षी.

चर्चेसाठी एक नमुना संस्था धरू. तालुक्याचं गाव, भाड्याची जागा, ३ ते ६ वयाची ६० मुलं, २० च्या तीन गटांत. संस्था १८६० (संस्था नोंदणी) आणि १९५० (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था) या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली. सरकारी अनुदान नाही. तीन प्रश्न:

१. निर्णय कुणी घ्यायचे? विश्वस्तांनी, मुख्य ताईंनी की पालकांनी?
२. फी किती, देणगी किती, आणि कुठला पैसा कुठे वापरायचा?
३. धर्मादाय कार्यालय आणि आयकर यांत नेमकं कुठे अडकायला होतं?

‘निष्ठेने काम केलं की पैसा येतो’ छापाचे प्रतिसाद नकोत, आकडे हवेत.

---

जमाखर्च

आकड्यांपासूनच सुरू करतो. वरच्या नमुन्याचा वर्षाचा खर्च (पगार गावागणिक बदलतील, मांडणी तीच राहील):

पगार : ३ ताई × १४,०००, ३ मदतनीस (४ तास) × ६,०००, मुख्य ताई २०,०००, अर्धवेळ हिशेबनीस ६,०००. महिना ८६,०००, वर्ष १०,३२,०००
ग्रॅच्युइटीची तरतूद, ४.८१ टक्के : ४९,६४०
भाडं, २५,००० × १२ : ३,००,०००
वीज, पाणी, फोन : ६०,०००
कागद, रंग, माती, गोंद. मुलामागे महिना १५० × १० महिने : ९०,०००
खाऊ, १२ रुपये × ६० मुलं × २०० दिवस : १,४४,०००
पालकशाळा : १,२०,०००
दुरुस्ती : ४८,०००
ऑडिट, विमा, अर्ज-फाटे : ४५,०००

एकूण १८,८८,६४०. मुलामागे ३१,४७७. हा आकडा ६० मुलं धरून आहे. जूनमध्ये ६० आणि दिवाळीनंतर ५२ हे चित्र अगदी नेहमीचं. ५२ वर भागलं की ३६,३२० येतात, कारण मुलं गेली तरी ताई तितक्याच लागतात. फी ठरवताना गेल्या ३ वर्षांतली जानेवारीची पटसंख्या घ्या, जूनची नको.

फीचे तीन टप्पे धरू: २० मुलं ३६,०००, २४ मुलं २४,०००, १६ मुलं ६,०००. फीची एकूण मागणी १३,९२,००० होते. पगार, ग्रॅच्युइटी आणि भाडं मिळून १३,८१,६४०. म्हणजे कागदावर फीतून पगार आणि भाडं सुटतं, बाकी जवळपास ५ लाख देणगीतून. माझं मत विचाराल तर हाच नियम ठेवावा: दर महिन्याला न चुकता द्यायचे पैसे फीतून, ज्याला थोडं थांबता येतं ते देणगीतून.

आता कागदावरून खाली येऊ. वसुली कधीच शंभर टक्के होत नाही. ९२ टक्के धरली तर हातात १२,८०,६४० येतात आणि पगार-भाड्यालाच १,०१,००० कमी पडतात. ही लाखाची खाच पहिल्या वर्षी दिसत नाही, कारण एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची फी येऊ लागते आणि ती मेच्या पगारात जाते. पुढच्या वर्षी आणखी लवकर, मार्चमध्येच जाते. तिसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये पगार थांबतात आणि सगळे विचारतात, अचानक काय झालं?

उपाय दोन. आगाऊ फी आणि अनामत वेगळ्या खात्यात ठेवा आणि ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दाखवा. १५ जूनपर्यंत त्या खात्याचं चेकबुक काढायचं नाही. दुसरं, ‘उन्हाळा निधी’ बांधा: दोन महिन्यांचे पगार १,७२,००० आणि भाडं ५०,०००, एकूण २,२२,०००. दहा हप्त्यांच्या फीमध्ये एप्रिल-मे कोरडे जातात हे माहीत असूनही हा निधी फार थोड्या संस्थांकडे असतो.

---

कलमबहाद्दर

जमाखर्च यांच्या उन्हाळ्याला एक पुरवणी. मे महिन्यात पगाराला पैसे नसले की खजिनदार स्वतःच्या खिशातून दोन लाख ‘तात्पुरते’ घालतात. हेतू चांगला असतो, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी खासगी कर्ज काढता येत नाही, आणि विश्वस्ताकडून घेतलेली उसनवारीही कर्जच. ऑडिटर अहवालात शेरा मारतो. द्यायचेच असतील तर देणगी म्हणून द्या, पावती घ्या, परत मागू नका.

आता पहिला प्रश्न. दोन मंडळं वेगळी ठेवा.

कार्यकारी मंडळ (विश्वस्त) : मालमत्ता, वार्षिक अंदाजपत्रक, मुख्य ताईंची नेमणूक, फीचे टप्पे, बँक. याच्या बाहेर हात घालायचा नाही. कुठल्या मुलाला कुठल्या गटात बसवायचं हे अध्यक्षांनी ठरवायला लागलं की मुख्य ताई सहा महिन्यांत राजीनामा देतात.

शाळा समिती : ७ जण. एक विश्वस्त (निमंत्रक), मुख्य ताई, ताईंमधून एक, पालकांमधून तीन, बाहेरचे एक जाणकार (बालरोगतज्ज्ञ किंवा बालविकासाचं काम केलेलं कुणी). तीन पालकांपैकी एक सर्वांत कमी फीच्या टप्प्यातला असलाच पाहिजे, नाहीतर समिती सहलीचं ठिकाण आणि गणवेशाचा रंग यावरच बोलते. पालक प्रतिनिधी छोट्या गटातून घ्या. मोठ्या गटातले पालक मार्चमध्ये मुलाबरोबर निघून जातात आणि समितीला काम समजायच्या आतच ती बदलते.

हे करताना एक खड्डा टाळा. उत्साहाच्या भरात ‘प्रत्येक पालक हा संस्थेचा सभासद’ असं घटनेत घालू नका. तसं केलं की प्रत्येक सर्वसाधारण सभेची नोटीस ६० घरी पोचल्याचा पुरावा लागतो, शाळा सोडलेल्या पालकांची नावं सभासद रजिस्टरमधून रीतसर कमी करावी लागतात, आणि कुणीतरी कधीच केलेली नसतात. मग निवडणुकीला हरकत आली की २०० सभासदांच्या यादीवर वाद. पालकांचा अधिकार शाळा समितीत ठेवा, संस्थेचं सभासदत्व वेगळं ठेवा.

बदल अर्ज. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, जागा घेतली, तर ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज. याकडे दुर्लक्ष झालं की दहा वर्षांनी परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) सात नावं असतात, त्यांतले चार दिवंगत. बँक सह्या बदलून देत नाही, आयकराच्या पोर्टलवर सही करायला अधिकृत माणूस राहत नाही, आणि विलंबमाफीच्या अर्जासह जुने सगळे बदल ओळीने मंजूर करून घ्यावे लागतात. मधला एक अर्ज प्रलंबित असला की पुढचे त्याच्यामागे रांगेत.

अर्जाला लागतं ते असं: सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा (पोस्टाची पावती किंवा सहीचं रजिस्टर), इतिवृत्ताची खरी प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. नव्वद टक्के वेळा नोटीशीचा पुरावाच नसतो. व्हॉट्सअपवर टाकलेली नोटीस चालेल असं तुमच्या घटनेत लिहिलंय का, ते आधी पाहा.

---

खडू

जमाखर्च, मांडणी उत्तम, पण ‘पगार फीतून’ हा नियम वीटभट्टीवरच्या किंवा ऊसतोडीच्या वस्तीवरच्या बालवाडीला लावून दाखवा. तिथे ६०० रुपये महिनासुद्धा येत नाहीत. म्हणजे तिथे बालवाडी काढूच नये?

दुसरं, ४ तासांच्या मदतनीस ताईंना ६,००० आणि ताईंना १४,०००. किमान वेतनाचा दर कुणी तपासला? मुलांना शू-शी नेणं, हात धुवून देणं, पडलं-झडलं बघणं हे मदतनीसच करतात. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असं प्रमाण आहे, ते मदतनीस शोभेला असतात म्हणून नव्हे.

---

जमाखर्च

खडू, वस्तीवरच्या केंद्राला तो नियम लागू नाही, मान्य. तिथे पगार देणगीतूनच. पण मग कबुली अशी द्यायची की देणगीदार तीन वर्षांसाठी लेखी बांधलेला असल्याशिवाय केंद्र सुरू होणार नाही. एक वर्षाच्या देणगीवर सुरू केलेलं वस्तीकेंद्र दुसऱ्या वर्षी बंद पडतं आणि पुन्हा त्या वस्तीत गेलं की लोक दारात उभं करत नाहीत. एकाच संस्थेची दोन्ही प्रकारची केंद्रं असतील तर हिशेब केंद्रवार ठेवा. नाहीतर गावातल्या पालकांना वाटतं आपली फी वस्तीवर जाते, आणि वस्तीच्या देणगीदाराला वाटतं आपले पैसे गावातल्या भाड्यात जातात. बहुतेकदा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

किमान वेतनाचं बरोबर. चालू दर कामगार आयुक्तालयाच्या परिपत्रकात पाहून तासांच्या हिशेबात बसवावेत. महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, एकदा ठरवून विसरू नये. वरचे आकडे फक्त गणितापुरते.

ग्रॅच्युइटीबद्दल व्यनितून (खासगी निरोपातून) विचारणा झाली म्हणून इथेच लिहितो: वर्षाला १५ दिवसांचं वेतन, म्हणजे महिन्याच्या वेतनाचे १५/२६, भागिले १२ म्हणजे ४.८१ टक्के. दहा माणसं नसतील तर कायदा लागू नाही हे खरं, आमच्या नमुन्यात आठच आहेत. पण रखवालदार आणि गृहभेटीच्या ताई पगारपत्रकावर आल्या की दहा होतात, आणि जुन्या ताईंची सेवा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. तेव्हा एकदम चार-पाच लाख कुठून काढणार?

---

भिंगरी

पालकशाळेच्या १,२०,००० ची फोड कुणी विचारली नाही. मीच करते.

गृहभेटीच्या ताईंचं मानधन ६,००० × १२ : ७२,०००
गृहभेटी, ६० घरं × वर्षातून २, प्रवास १०० रुपये : १२,०००
मेळावे ८ × १,५०० : १२,०००
खेळपिशव्या, नवीन आणि दुरुस्ती : १४,०००
बाहेरचे तज्ज्ञ, ४ वेळा × २,५०० : १०,०००

यातला जीव पहिल्या दोन ओळींत आहे. मेळाव्याला आई येते, बाबा क्वचित, आजी तर नाहीच, आणि मूल दिवसातले सहा तास आजीजवळ असतं. गृहभेटीत आजी भेटते. वेळ ४० मिनिटं, त्यातली पहिली १५ नुसतं बसायचं, बघायचं: मूल कुठे खेळतं, हातात काय असतं, घरातलं कुणी त्याच्याशी वाक्यात बोलतं का हुकमात. लिहायचं घराबाहेर पडल्यावर. समोर वही उघडली की घर ‘तपासणीला आलेत’ असं वागू लागतं.

खेळपिशवीबद्दल सविस्तर, कारण इथे पैसे वाया जातात. कापडी पिशवी, नाडीची. आत एकच खेळ. पिशवीला शिवलेल्या पट्टीवर चित्र आणि आकडा: लाकडी ठोकळे २४, किंवा चिंचोके ३०, वाट्या ३, चमचा १. घरी नेताना आणि परत आणताना मूल आणि पालक दोघांनी मिळून मोजायचं. हे मोजणं हाच निम्मा खेळ. शुक्रवारी न्यायची, पुढच्या गुरुवारी आणायची. सोमवारी मागितली तर रविवारी पिशवी उघडलेलीच नसते. ठोकळा हरवला तर दंड लावू नका. दंड लावला की दुसऱ्या आठवड्यापासून पिशवी कपाटाच्या वर जाते आणि मूल खाली उभं राहून तिच्याकडे बघत बसतं. हरवलेल्याच्या बदल्यात घरचं काहीतरी आणायचं: झाकण, बी, दोऱ्याचं रीळ. साधारण ६० मुलांना ७५ पिशव्या लागतात. १५ नेहमी धुण्यात किंवा शिवणात.

विकतचे महागडे संच घेण्यापूर्वी एवढं आठवा, की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, बांबू, पानं असल्या आसपासच्या वस्तूंतून साधनं उभी केली. अंगणवाडी हा शब्दच तिथला. तिथे शाळा मुलाच्या अंगणात भरायची, म्हणून घरच्यांना मूल काय करतंय ते उंबऱ्यातून दिसायचं. आपण इमारतीत गेलो तेव्हापासून ते दिसेनासं झालं, आणि पालकशाळा नावाची वेगळी ओळ काढायची पाळी आली.

आता माझा आक्षेप, जमाखर्च यांच्या नियमावर. गृहभेटीच्या ताईंचे ७२,००० तुम्ही देणगीच्या बाजूला ठेवलेत. म्हणजे देणगी आटली की पहिल्यांदा त्याच जाणार. अंगणवेल यांचं दुखणं हेच आहे! ते पैसे पगाराच्या बाजूला आणा.

---

जमाखर्च

बरोबर पकडलंत. हिशेब पुन्हा करतो.

फीतून भागवायचं : १३,८१,६४० + ७२,००० = १४,५३,६४०. हातात येणारी फी १२,८०,६४०. तूट बरोब्बर १,७३,०००.

मधला टप्पा २४,००० चा ३०,००० केला आणि वरचा ३६,००० चा ३८,४०० केला, खालचा ६,००० च ठेवला, तर मागणी १५,८४,००० होते. ९२ टक्के म्हणजे १४,५७,२८०. शिल्लक ३,६४०. त्यातून ताईंच्या मानधनावरची ग्रॅच्युइटीची तरतूद ३,४६३ वजा केली की उरतात १७७ रुपये. एक मध्यम आकाराचं स्टेशनरी बिल!

देणगीची गरज ४,३४,८२३ वर येते: खाऊ, साहित्य, वीज, दुरुस्ती, ऑडिट आणि पालकशाळेचे उरलेले ४८,०००.

मधल्या टप्प्याची वाढ एकदम २५ टक्के होते. दोन वर्षांत विभागा, आणि पहिल्या वर्षाची तूट कुठून भरणार ते त्याच ठरावात लिहा. वरच्या टप्प्यातले पालक मुलामागच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त देत आहेत हे लपवू नका. जूनच्या सभेत खर्चाचा तक्ता फळ्यावर मांडला की भांडण एकदाच होतं. लपवलं की दर महिन्याला होतं.

टप्पा कसा ठरवायचा हा पुढचा प्रश्न येईलच. उत्पन्नाचे दाखले मागू नका, ते मिळवण्यात लोकांचा दिवस जातो आणि खरा आकडा त्यात नसतोच. पालकाने स्वतः टप्पा निवडायचा, अर्जाच्या मागे तीन ओळींत कारण लिहायचं, मुख्य ताई आणि खजिनदार दोघांनीच वाचायचं. खालचा टप्पा १६ जागांपुरता हे आधी जाहीर.

---

कलमबहाद्दर

ठरावाचा नमुना, कुणाला चिकटवायचा असेल तर:

‘ठराव क्र. ४ : पालकशाळेसाठी सन … च्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष ठेवण्यात यावे. सदर शीर्षाखालील गृहभेट कार्यकर्तीचे मानधन हा आस्थापना खर्च समजण्यात यावा व तो फी-जमेतून भागवावा. सदर शीर्षातील रक्कम अन्य शीर्षाकडे वळवण्यास शाळा समितीची लेखी शिफारस व कार्यकारी मंडळाची मंजुरी आवश्यक राहील. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर.’

अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी द्यायचं असतं, म्हणजे फेब्रुवारी संपण्यापूर्वी. त्यामुळे फीची चर्चा डिसेंबरात, शाळा समिती जानेवारीत, कार्यकारी मंडळ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मेमध्ये घाईने वाढवलेली फी आणि फेब्रुवारीत दिलेलं अंदाजपत्रक जुळत नाही, आणि कुणी तक्रार केलीच तर पहिलं तेच बघितलं जातं.

आणखी एक. जागा विश्वस्ताच्या भावाची असेल तर भाडं बाजारभावाप्रमाणे असल्याची दोन लेखी कोटेशनं फाइलला लावा, आणि त्या ठरावाच्या वेळी तो विश्वस्त सभेतून बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करा. संबंधित व्यक्तीला जादा लाभ दिला असं ठरलं तर आयकराची सूट धोक्यात येते. विश्वस्ताच्या सुनेला ताई म्हणून नेमतानाही हेच.

---

चौकटराजा

आयकराचं मी लिहितो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे, कलमांचे क्रमांक बदलले. फॉर्मचे क्रमांक पोर्टलवर पाहून घ्या. खाली सगळ्यांच्या तोंडी बसलेली जुनी नावं वापरतो.

१२-एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत). नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याच्या किमान ६ महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज. ‘आधी येईल ते’ हे तीन शब्द न वाचल्याने कितीतरी संस्था अडकल्या. शाळा जूनमध्ये भरली तर डिसेंबरच्या आत अर्ज. तीन वर्षं हातात आहेत असं समजू नका.

८५ टक्के. वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी खर्च व्हायला हवेत. उन्हाळा निधी, राखीव निधी बांधताना हे आडवं येतं. १५ टक्क्यांच्या आत बसलं तर प्रश्न नाही. वर गेलं तर कशासाठी साठवतोय ते नेमकं लिहून मुदतीत फॉर्म १० भरायचा, कमाल ५ वर्षं. ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहू नका. ‘खेळघराच्या बांधकामासाठी, ठराव क्र. अमुक’ असं लिहा.

रोख. एका माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च धरला जात नाही. सुताराचं, रंगाऱ्याचं बिल इथेच अडकतं. देणगीच्या बाजूला २,००० च्या वर रोख घेतलंत तर देणगीदाराला ८०-जी मिळत नाही, आणि तो तुमच्यावर चिडतो.

१०-बीडी. देणगीदारांची यादी या फॉर्मवर ३१ मेपर्यंत. पॅन चुकला की प्रमाणपत्र येत नाही. पावतीपुस्तकातच पॅनचा रकाना छापा; मार्चअखेर फोन करून पॅन गोळा करणं म्हणजे शिक्षाच.

फी आणि देणगी यांची सरमिसळ. प्रवेशाच्या टेबलावर घेतलेली ‘ऐच्छिक’ देणगी ऐच्छिक नसते. तिच्यावर ८०-जी ची पावती देणं चूक, आणि प्रवेशासाठी पैसे घेण्याला १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याचाही अडसर. पालकांकडून देणगी मागायचीच असेल तर प्रवेशाच्या हंगामाबाहेर, दिवाळीत वगैरे, आणि देणाऱ्यांची यादी मुख्य ताईंना दाखवू नका.

जीएसटी. पूर्वप्राथमिक शिक्षणाला सूट आहे. पण पालकशाळेची शिबिरं बाहेरच्या लोकांना शुल्क घेऊन उघडी केलीत तर ते उत्पन्न त्या सुटीत बसेलच असं नाही. आणि २० लाखांची मर्यादा मोजताना सूट असलेली फीसुद्धा एकूण उलाढालीत धरतात. १५-१६ लाख फी आणि ५ लाखांची शिबिरं, की नोंदणी आली.

---

सातासमुद्रापार

वाचनखूण साठवली. आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांनी पाठवलेले पैसे अशा संस्थेला चालतात का? आमच्या मंडळातल्या काहींकडे भारतीय पासपोर्ट आहे, काहींकडे ओसीआय.

---

चौकटराजा

पासपोर्ट कुठला यावर सगळं आहे. भारतीय नागरिक परदेशात राहत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी होत नाही. पासपोर्टची प्रत घेऊन फाइलला लावायची. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक. त्यांचा एक रुपयासुद्धा एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, रुपयांत दिला तरी. मंडळाच्या खात्यातून आले तर मंडळ ही परदेशी संस्था, म्हणजे तोच नियम.

नोंदणी असेल तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. बँकेने नजरचुकीने साध्या खात्यात जमा करून घेतले तरी जबाबदारी संस्थेचीच. खात्याचा क्रमांक संकेतस्थळावर सरसकट छापू नका, त्यातूनच हे घडतं.

---

खडू

आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी)? ४,३४,८२३ साठी तो बरा वाटतो.

---

जमाखर्च

खाऊ, साहित्य, खेळपिशव्या यांसाठी बरा. सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) आणि तीन वर्षांचं काम पाठीशी हवं. दोन गैरसमज काढतो. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्केच’ ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, तुमच्या हिशेबनिसाच्या पगाराला नाही. प्रस्तावात तो पगार प्रकल्पखर्च म्हणून उघड दाखवा. दुसरं, पैसे ऑक्टोबर ते मार्च असे येतात, शाळा जूनला भरते. पहिल्या तिमाहीचा खाऊ त्यावर अवलंबून ठेवू नका.

कंपनी इमारतीवर किंवा बसवर नाव लावायला लगेच तयार होते, गृहभेटीला होत नाही. बस घेतलीत तर चालक, डिझेल, विमा आणि मदतनीस दरवर्षी तुमचे. वस्तूरूप देणगी घेण्यापूर्वी तिचा तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च कागदावर मांडायचा आणि मगच हो म्हणायचं, हे अंदाजपत्रकाच्या टिपणात घालून टाका.

---

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून उघड्या आहेत. मधल्या टप्प्याची वाढ दोन वर्षांत केली तर पहिल्या वर्षी साधारण ६६,००० कमी पडतात (२४ × ३,००० च्या ९२ टक्के). ते उन्हाळा निधीतून घेऊ नयेत असं वाटतं. आणि गृहभेटीच्या ताईंचं ठिकाण शाळा समितीत कुठे? ताईंमधून एक जागा आहे ती वर्गावरच्या ताईंकडेच जाईल.

---

कलमबहाद्दर

समितीत आठवी जागा करू नका, समसंख्या होते. बाहेरच्या जाणकारांना मतदानाशिवाय निमंत्रित करा आणि ती जागा गृहभेटीच्या ताईंना द्या. ६६,००० साठी वरच्या टप्प्यातल्या पालकांना एक वर्षापुरतं ‘एका घराच्या गृहभेटी’ असं १,२०० रुपयांचं देणगीपत्र काढा. ५५ पत्रं लागतील. दिवाळीत काढा, जूनमध्ये नको.